बाल्कनीतल्या घरट्यात अंडी गार पडलीत, आई दिसत नाही, घरात उबवू का?

एका ताईंनी विचारलंय. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतात, बाल्कनीत टांगलेल्या मनी प्लांटच्या कुंडीत बुलबुलनं घरटं केलंय, तीन अंडी आहेत. रविवारपासून आई दिसत नाही आणि मंगळवारी सकाळी बोट लावून बघितलं तर अंडी गार लागली. आठवीतल्या मुलीनं एक व्हिडिओ बघून कापूस, डबा आणि टेबल लॅम्प तयार ठेवलाय. अंडी घरात आणू का, तापमान किती ठेवायचं आणि पिल्लू निघालं तर खायला काय द्यायचं, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, आधी तो लॅम्प कपाटात ठेवा आणि अंड्यांना आता परत हात लावू नका, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. मी गेली १८ वर्षं पुण्यात जखमी आणि अनाथ पक्ष्यांचं काम करतोय आणि मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त फोन येतात ते याच गोष्टीसाठी, 'आईनं अंडी टाकली'. त्यातल्या बहुतेक वेळा आईनं काहीही टाकलेलं नसतं. ती असते, आपल्याला दिसत नाही एवढंच.

तुमच्याच प्रश्नात एक गोष्ट आहे बघा. शनिवारी दोन अंडी होती, रविवारपासून आई आलीच नाही, आणि सोमवारी सकाळी तिसरं अंडं दिसलं असं तुम्ही सांगता. मग ते तिसरं अंडं घातलं कुणी? ती आली होती, अंडं घालून गेली, तुम्ही तेव्हा झोपेत असाल किंवा डबे भरत असाल. बुलबुल, चिमणी, शिंपी, दयाळ हे सगळे छोटे पक्षी साधारण रोज एक याप्रमाणे अंडी घालतात, तेही उजाडता उजाडता, आणि काम झालं की निघून जातात. दिवसभर तिकडे फिरकत पण नाहीत कधी कधी. कोंबडीसारखं पहिल्या अंड्यापासूनच बसून राहतील असं आपल्याला वाटतं पण खरं तर कोंबडीसुद्धा तसं करत नाही, गावाकडे ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना माहितीये, दहा-बारा अंडी झाली की मग ती खुडूक होते आणि बसते. बुलबुल शेवटचं किंवा त्याच्या आधीचं अंडं घातलं की बसायला लागते. असं का, तर सगळी पिल्लं साधारण एकाच वेळी बाहेर यावीत म्हणून. पहिल्या अंड्यापासून उब दिली तर पहिलं पिल्लू दोन दिवस मोठं होणार आणि शेवटचं उपाशी मरणार. (घुबडं पहिल्या अंड्यापासूनच बसतात, म्हणून गव्हाणी घुबडाच्या घरट्यात एक पिल्लू केवढं आणि दुसरं केवढं असं दिसतं.)

उब मिळायला सुरुवात होत नाही तोवर अंड्यातला जीव झोपल्यासारखा असतो. सुकलेलं बी डब्यात पडून असतं ना तसं. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस अंडी गार असणं हे अगदी नॉर्मल आहे, त्यावरून काहीही ठरवता येत नाही.

बसायला लागल्यावरसुद्धा ती चोवीस तास बसत नाही. बुलबुलमध्ये बहुतेक मादीच बसते, तिला स्वतःला खायला जावं लागतं, मग दहा-वीस मिनिटं ती गायब असते, परत येते, परत जाते. दिवसातून पाच-सहा वेळा तुम्ही बाल्कनीत डोकावलात आणि पाचही वेळा ती बाहेर असेल किंवा तुमची चाहूल लागून उडाली असेल तर तुम्हाला वाटणार की आई नाहीच. मी एकदा एका काकूंच्या घरी पडद्याआड अडीच तास बसून राहिलो होतो, त्यांचंही हेच म्हणणं होतं, चार दिवस आई नाही. त्या अडीच तासांत बुलबुल सात वेळा आली. आधी समोरच्या केबलवर बसली, मान वाकडी करून खिडकीकडे बघितलं, मग ग्रिलवर, तिथून कपडे वाळत घालायच्या दोरीवर, आणि मग एका क्षणात खाली उतरून घरट्यात, शेपटी तेवढी वर आणि त्या शेपटीखालचा लाल ठिपका. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी हलली नाही, पण काकू कौतुकानं बघायला बाल्कनीच्या दारात आल्या की लगेच भुर्रर. काकू रोज दर तासाला बघायला येत होत्या, म्हणून त्यांना चार दिवसांत एकदाही ती दिसली नव्हती.

तर खरंच सोडून दिलंय का हे ओळखायचं कसं, ते सांगतो.

पहिली परीक्षा रात्रीची. अंडी पूर्ण झाल्यावर मादी रात्री घरट्यावर असतेच असते. रात्री साडेनऊ-दहाला घरातले दिवे मालवा, बाल्कनीत जाऊ नका, आतूनच बघा. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पुरतो, नाहीच पुरला तर मोबाइलची बॅटरी रुमालात गुंडाळून घरट्यावर न मारता बाजूच्या भिंतीवर दोन सेकंद मारा. शेपटीचं टोक किंवा डोक्यावरचा तो काळा तुरा कडेवर दिसेल. दिसला की विषय संपला. तुमच्या बाबतीत तिसरं अंडं सोमवारचं आहे, कधी कधी ती एखादा दिवस उशिरा बसते, त्यामुळे एका रात्रीवरून निकाल देऊ नका, तीन रात्री बघा.

दुसरी युक्ती आम्ही नेहमी वापरतो, गवताची काडी. झाडूची नको, ती जड असते, सुकलेल्या गवताची अगदी हलकी एक काडी घरट्याच्या तोंडावर आडवी ठेवायची, अंड्यांना न लावता, आणि दोन-तीन तासांनी लांबूनच बघायचं. ती येऊन बसली असेल तर काडी सरकलेली असते, नाहीतर तिनं उचलून फेकलेली असते. काडी दोन दिवस जशीच्या तशी आणि तीन रात्री घरटं रिकामं असेल तरच मी म्हणेन की हो, सोडलंय.

आणि एक सांगतो, 'हात लागला म्हणून आई येणार नाही' ही भीती मनातून काढून टाका. तुम्ही बोट लावलंत म्हणून ती अंडी टाकत नाही, माणसाचा वास आला म्हणून घरटं सोडणारा बुलबुल मी पाहिलेला नाही, हे पक्षी वासावर चालत नाहीत, जागेवर चालतात. पण सारखी ये-जा, सारखं डोकावणं, फोटो, याचा त्रास होतो आणि तोही घरटं बांधताना आणि अंडी घालायच्या दिवसांत सगळ्यात जास्त, कारण तेव्हा तिची गुंतवणूक कमी असते, ती सरळ दुसरीकडे नवीन घरटं करते. पिल्लं झाल्यावर सहजासहजी सोडत नाही. शिवाय आपण कुठे वाकून बघतो ते कावळा समोरच्या टेरेसवरून बघत असतो. बाल्कनीतली किती घरटी कावळ्यानं खाल्ली ती आपणच त्याला दाखवली म्हणून, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता समजा सगळं करून कळलं की खरंच सोडलंय. तर उत्तर आहे, काही करू नका, तिथेच राहू द्या. हे ऐकायला वाईट वाटतं, मुलीला तर फारच वाटेल, म्हणून कारणं नीट सांगतो, कारण मीही एके काळी तुमच्या मुलीच्याच जागी होतो.

बुलबुलचं अंडं जेमतेम दोन सेंटिमीटर लांब, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. कोंबडीचं अंडं पंचावन्न ग्रॅमचं असतं, त्याला थोडं कमी-जास्त सोसतं. तीन ग्रॅमचा थेंब काही मिनिटांत तापतो आणि काही मिनिटांत गार होतो. त्याला साडेसदतीस अंशांच्या आसपास सतत उब हवी, चाळीसच्या वर गेलं की आतला जीव फार वेळ टिकत नाही. टेबल लॅम्पखाली जुना पिवळा बल्ब असेल तर वरची बाजू भाजते आणि खालची गार राहते, आणि आता घरोघरी एलईडी आलेत, त्यात उब जवळजवळ नसतेच, तो नुसता उजेड. मग अंडं दिवसातून कित्येक वेळा फिरवावं लागतं. आई बसल्या बसल्या चोचीनं, पायानं हलवत असते सारखी, ते सहज दिसत नाही. नाही फिरवलं तर आतला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि वाढ थांबते. मग दमटपणा. अंड्याला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जावी लागते, साधारण पंधरा टक्के वजन कमी व्हावं लागतं तेव्हा आत हवेची पुरेशी जागा तयार होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. फार कोरडं झालं तर पिल्लू पापुद्र्यातच अडकतं, फार दमट झालं तर बुडाल्यासारखं होतं. कापसाच्या डब्यात यातलं काहीच सांभाळता येत नाही.

आई तर नुसती उबच देत नाही, गारवापण देते. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते, मे महिन्यात तिथली जमीन पायाला चटके देते, तेव्हा टिटवी जवळच्या डबक्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते, अंडी गार करायला. मी हडपसरच्या पुढे एका माळावर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुर्बीण खाली ठेवून नुसता बसून राहिलो. हे कुठलं मशीन करणार?

कोकणात वेळासला जाऊन आलेले लोक मला हटकून विचारतात, तिथे कासवाची अंडी माणसंच सांभाळतात ना, मग पक्ष्याची का नाही? कारण कासवाच्या अंड्याला आई लागतच नाही. ऑलिव्ह रिडले वाळूत खड्डा करून अंडी घालते, बुजवते आणि समुद्रात निघून जाते, पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस उब वाळूच देते आणि पिल्लू बाहेर आलं की स्वतः पाण्याकडे चालायला लागतं. तिथे माणसांनी फक्त कोल्ह्या-कुत्र्यांपासून अंडी वाचवायची असतात. बुलबुलचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा उघडं असतं, डोळे बंद, मान धरता येत नाही. त्याला आई तर हवीच, बापपण हवा.

आणि खरी अवघड गोष्ट तिथून पुढे सुरू होते, व्हिडिओवाले हे दाखवत नाहीत. नुकत्याच निघालेल्या बुलबुलच्या पिल्लाला सकाळी सहा ते संध्याकाळी सात, दर पंधरा-वीस मिनिटांनी खायला लागतं. म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास वेळा. तेही बारीक किडे, कोवळ्या अळ्या, कोळी. दूध-पाव, भिजवलेला भात, बिस्किट देऊन लोक पिल्लं आणतात आमच्याकडे, पोट फुगलेलं असतं, विष्ठा बंद झालेली असते, आणि दुसऱ्या दिवशी ते जातं. पक्ष्यांना दूध पचत नाही हो, एक चमचाही नाही. ड्रॉपरनं पाणी पाजलं तर ते सरळ फुप्फुसात, कारण श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं. घरट्यात आई-बाप काय करतात, पिल्लानं घास गिळला की क्षणभर थांबतात, पिल्लू मागची बाजू वर करतं आणि पांढऱ्या पिशवीत बांधल्यासारखी शी बाहेर येते, ती ते चोचीनं उचलतात आणि लांब नेऊन टाकतात किंवा सुरुवातीला खाऊनच टाकतात. घरटं कोरडं राहतं, वास येत नाही, मुंग्या येत नाहीत. हे दिवसातून चाळीस वेळा.

आता माझं सांगतो. २००९ साली आमच्या मागच्या अंगणातल्या लिंबावर होल्याचं, म्हणजे कबुतराच्याच जातकुळीतल्या छोट्या पक्ष्याचं घरटं होतं, दोन पांढरी अंडी. मांजरानं एक होला धरला. दुसरा दोन दिवस येऊन फांदीवर बसायचा, मग यायचा बंद झाला. मी थर्माकोलचा खोका घेतला, चाळीसचा बल्ब, तापमान बघायला थर्मामीटर, वाटीत पाणी, रात्री दर दोन तासांनी उठून अंडी फिरवायची, असं सगळं केलं, नोकरीवर गेलो की आईला सांगून जायचो. एक अंडं नासलं. दुसऱ्यातून नवव्या दिवशी पिल्लू निघालं. एवढासा गुलाबी जीव, अंगावर विरळ पिवळे केस, चोच मऊ. घरात सगळ्यांना पेढे वाटावेत इतका आनंद झाला मला. आणि मग ते तोंडच उघडेना. बाकीच्या पिल्लांसारखी होल्याची, पारव्याची पिल्लं आ करत नाहीत, ती स्वतःची चोच आई-बापाच्या तोंडात घालतात आणि तिथून पितात. काय पितात, तर आई-बापाच्या गळ्यातल्या पिशवीच्या आतल्या अस्तरापासून तयार होणारं दह्यासारखं एक दूध, नर-मादी दोघांच्याही गळ्यात तयार होतं ते, पहिले काही दिवस पिल्लाला फक्त तेच. बाजारात मिळत नाही, घरी होत नाही. मी नखानं चोच उघडून पातळ करून काय काय घातलं ते आता सांगवत नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते खोक्यात गार पडलेलं होतं, गळ्याखालची पिशवी फुगलेली, आत घातलेलं सगळं तसंच आंबलेलं. ते अंडं झाडावरच राहिलं असतं तर आत काही कळायच्या आधी शांतपणे थांबलं असतं. मी त्याला बाहेर आणलं आणि चार दिवस उपाशी ठेवून मारलं. ते पिल्लू मी अजून विसरलेलो नाही, म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितोय.

बरं, जगलं तरी पुढे काय? त्याला किडा पकडायला, ससाण्याची सावली ओळखायला, आपल्या जातीचं ओरडणं शिकायला बुलबुलच लागतात. माणसात वाढलेलं पाखरू माणसाकडेच खायला मागायला येतं, सोसायटीत कुणाच्याही खांद्यावर जाऊन बसतं आणि आठवडाभरात मांजराच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी जातं.

हे अशक्य आहे असं मात्र नाही. माळढोकाचं घ्या, आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य आहे त्याचं, आता देशातच फार थोडे उरलेत. त्यांची अंडी राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला २०१९ पासून रानातून उचलून केंद्रात उबवतात, पिल्लं वाढवतात. पण तिथे वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचे शास्त्रज्ञ आहेत, सरकारची परवानगी आहे, यंत्रं आहेत, चोवीस तास माणसं आहेत, आणि जातच संपायला आलीये म्हणून हा शेवटचा उपाय. बुलबुल अजून भरपूर आहेत, आणि ती मादी याच सीझनमध्ये परत घरटं करेल, एका वर्षात दोन-तीन वेळा करते.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यात पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणं, घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हेही येतं. २०२२ ला कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आता आपल्या आसपासचे बहुतेक रानपक्षी त्यातल्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. घाबरवायला नाही सांगत, तुमचा हेतू चांगला आहे, पण मुलीला हेही कळलेलं बरं. गावाकडे गवत कापताना लांडोरीची अंडी सापडली की खुडूक कोंबडीखाली ठेवायची पद्धत होती, मोर राष्ट्रीय पक्षी आहे, पहिल्या परिशिष्टात आहे, ते तर अजिबात करू नका, आजूबाजूचं गवत तेवढं उभं ठेवा, लांडोर परत येते.

मग माणसानं हात कधी लावायचा? घरटं पडलं असेल, झाड तुटलं असेल किंवा अंडी अशा जागी असतील की तासाभरात मरणारच. तेव्हासुद्धा पहिलं काम आईकडे परत देणं. जुन्नर भागात ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात, पूर्वी उचलून नेत, आता वनखात्याची माणसं ते क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच शेतात ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. बिबट्याला जमतं ते बुलबुललाही जमतं.

आमच्या भागातल्या एका सोसायटीनं मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी काढली, काही न बघता, आणि बुलबुलचं घरटं फांदीसकट खाली आलं, नशिबानं दोन अंडी शाबूत. ही छाटणी नेमकी घरट्यांच्या सीझनमध्येच का करतात आणि फांदीवर करवत ठेवायच्या आधी एकदा वर का बघत नाहीत, याचा मला दरवर्षी संताप येतो. आम्ही स्ट्रॉबेरी येते ना ती जाळीची छोटी प्लास्टिकची टोपली घेतली, खाली भोकं असतात म्हणून पाऊस आला तरी पाणी साचत नाही, त्यात ते घरटं जसंच्या तसं बसवलं, अंडी होती तशीच ठेवली, आणि त्याच झाडाच्या उरलेल्या फांदीवर साधारण त्याच उंचीला, सावलीत, सुतळीनं घट्ट बांधलं, हलता कामा नये. मग सगळ्यांना पिटाळून लांब उभे राहिलो. चाळीस मिनिटांनी ती आली, आधी जुन्या जागी गेली, तिथे काही नाही, मग भोवती दोन-तीन फेऱ्या, ओरडणं, आणि मग टोपलीच्या कडेवर. आत उतरली तेव्हा माझ्यासोबत फांद्या गोळा करणारा मुकादम होता, त्यानं हात जोडले.

शिंजीरचं घरटं म्हणजे ते कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं लोंबतं पाकीट, ते पडलं तर वरचं टोक तारेत अडकवून मूळ जागेपासून हात-दोन हातांवर टांगा, तोंड त्याच दिशेला. टिटवीची अंडी बांधकामाच्या साइटवर सापडली तर हलवू नका, भोवती पाच-सहा पावलांवर काठ्या रोवून लाल फडकं बांधा आणि कामगारांना दाखवा. टिटवीला अठ्ठावीस-तीस दिवस लागतात, पण पिल्लं निघाल्यावर काही तासांत चालायला लागतात आणि जागा मोकळी होते. कामगार फार सांभाळतात असा माझा अनुभव आहे. बहुतेक जण शेतातून आलेले असतात, टिटवीनं अंडी घातली की त्यावरून पाऊस सांगणारे आजोबा त्यांच्या घरात होऊन गेलेले असतात, नांगर तिथून वळवून नेणारे.

पारव्यांचं थोडक्यात सांगतो कारण एसीच्या मागे तेच असतात. पारव्यात नर-मादी पाळीनं बसतात, दिवसा बराच वेळ नर आणि बाकी मादी, त्यामुळे बसायला लागल्यावर तिथे अख्खा दिवस कुणीच नसेल तर ते बहुतेक खरंच सोडलेलं असतं. अठरा दिवसांच्या आसपास पिल्लं निघतात. नको असतील तर काड्या आणायला लागतात तेव्हाच रोज काढून टाका आणि जाळी लावा, अंडी झाल्यावर नाही.

आणि एकच प्रसंग राहिला. अंडी अजून कोमट आहेत आणि आई मेलेली तुम्ही डोळ्यांनी पाहिलीये. तेव्हा १९२६ ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे, ते जवळच्या रेस्क्यू सेंटरची सोय सांगतात. मुंबईत असाल तर परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल अनेकांना माहिती आहे. तोवर अंडी धुवायची नाहीत, पुसायचीसुद्धा नाहीत, वर नैसर्गिक थर असतो तो जातो. पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ सुती कापड, त्याखाली टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, फक्त कोमट लागली पाहिजे. थोडं गार झालेलं अंडं बऱ्याचदा वाचतं, जास्त तापलेलं नाही वाचत. आणि हे दोन-चार तासांपुरतं.

आता तुमच्या कुंडीचं. पाणी घालायचं तर कडेनं, पाइपनं नाही, मगानं थोडं थोडं, घरटं भिजता कामा नये, आणि रोज एकाच वेळी घाला म्हणजे तिला सवय होते. दुपारी पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर ग्रिलला बाहेरून जुनी ओढणी बांधा, पण कुंडीच्या आजूबाजूची तिची येण्याची वाट मोकळी ठेवा. कुंडी ज्या तारेनं टांगलीये तिच्या अगदी वरच्या टोकाला व्हॅसलिनचा जाड थर लावा, मुंग्या उतरत नाहीत, घरट्याजवळ मात्र लावू नका, पिसांना लागतं. एसी सर्व्हिसिंग, रंगकाम काही ठरलं असेल तर महिनाभर पुढे ढकला. अंडी बारा-चौदा दिवसांत फुटतात, पुढे पिल्लं तितकेच दिवस घरट्यात. तीन आठवडे होऊनही अंडी तशीच असतील तर ती वांझ आहेत किंवा आत थांबलीत. तेव्हा मुलीला बरोबर घेऊन त्याच कुंडीच्या मातीत पुरा.

मुलीला काम द्यायचंय ना, तिला एक वही द्या. पडद्याला दोन बोटांची फट, आत खुर्ची, आणि ती आली किती वाजता, गेली किती वाजता, चोचीत काय होतं, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांनी ती वही मला बघायला आवडेल, मनापासून सांगतो.

आज रात्री दहाला दिवे मालवून बघा. कडेवर शेपटी दिसली तर पडदा ओढा आणि झोपा. नाही दिसली तर उद्या काडी ठेवा, आणि काडीचं काय झालं ते मला सांगा.